मोटारीचा हिसका

इसवी सन १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात एका पहाटे जर्मनीतील मानहाइम शहरातून एक तीनचाकी गाडी बाहेर पडली. तिला घोडे जोडलेले नव्हते. गाडीत बर्था बेंझ ही बाई होती आणि तिच्यासोबत तिचे दोन मुलगे होते. तिचे पती कार्ल बेंझ यांनी दोन वर्षांपूर्वी ज्या वाहनाचे पेटंट मिळविले होते, त्याच जातीची ही गाडी. पतीला न सांगता ती बाहेर काढावी आणि शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर काटून फॉर्झहाइमला, आपल्या माहेरी जावे, असा तिचा बेत होता. वाटेत इंधनाची नळी तुंबली. टोपीला लावायच्या लांब पिनेने तिने ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचे आवरण झिजले. तिने मोज्याचा बंद काढून तारेला गुंडाळला. पुढे चढ लागला आणि इंजिनाचा जोर अपुरा पडला. तेव्हा मुलांनी उतरून गाडी ढकलली. या प्रवासानंतरच बेंझ यांनी चढासाठी गाडीला आणखी एक गिअर बसविला, असे सांगतात.

मोटारीच्या इतिहासात ही हकीकत पहिली लांब सफर म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. गाडी तीन ठिकाणी अडली. एक इंधनापाशी, दुसरी ठिणगीपाशी आणि तिसरी इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेपाशी. या घटनेला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. आजही एखादा शेतकरी भल्या पहाटे भाजीच्या पाट्या भरून आपली जुनी पिकअप गाडी बाजाराच्या वाटेला लावतो. दुसरा गिअर टाकून पाय दाबतो. आणि गाडी सरळ वेग घेण्याऐवजी बुजऱ्या बैलासारखी हिसके देऊ लागते. त्या वेळी मिस्त्रीला दोष शोधायचा असतो तो याच तीन ठिकाणी. हा शोध कसा घ्यावा, हे समजण्यासाठी मोटारीचे हे तीन भाग घडले कसे, ते पाहणे उपयोगाचे आहे. कारण हिसका हे मोटारीला नव्याने जडलेले दुखणे नव्हे. तो तिचा मूळ स्वभाव आहे.

वाफेच्या इंजिनात दट्ट्यावर वाफेचा दाब बराच काळ टिकून असतो. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये जे चार फेऱ्यांचे इंजिन सिद्ध केले, त्यात दट्ट्या एका फेरीत मिश्रण आत ओढतो, दुसरीत ते दाबतो, तिसरीत ते पेटून दट्ट्याला ढकलते आणि चौथीत जळका वायू बाहेर जातो. चारांपैकी एकच फेरी कामाची. उरलेल्या तीन तिच्या जिवावर चालतात. म्हणजे या यंत्रातून जो जोर निघतो तो संथ धारेसारखा नसून घणाच्या घावांसारखा तुटक असतो. जड चाक लावले, सिलिंडरांची संख्या वाढविली, म्हणजे घाव जवळजवळ येतात. परंतु ते घावच राहतात. मोटारीचा पुढचा सारा इतिहास हा तुटक जोर सलग भासावा म्हणून एकामागून एक योजलेल्या उपायांचा इतिहास आहे. यांपैकी एखादा उपाय झिजला, सैल झाला वा तुंबला, की त्याच्याआड झाकलेला तुटकपणा पुन्हा उघडा पडतो. त्यालाच आपण हिसका म्हणतो.

पहिला उपाय इंधनाचा. आरंभीच्या गाड्यांत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेली जाई आणि जी वाफ तिच्यात मिसळेल ती इंजिनात जाई. या रीतीत पेट्रोलचा हलका अंश आधी उडून जाई आणि मागे जड अंश राही. त्यामुळे मिश्रण सारखे मिळत नसे. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बुरेटर तयार केला. हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनीही त्याच वर्षी तशाच युक्तीचे पेटंट घेतले. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथील दाब घटतो आणि छिद्रातून पेट्रोल आपोआप ओढले जाते, हे या युक्तीचे तत्त्व. जितकी हवा अधिक, तितके पेट्रोल अधिक.

परंतु या तत्त्वाला एक मर्यादा आहे, आणि हिसक्याचे एक मोठे कारण तिच्यातच आहे. चालकाने पाय एकदम दाबला की गळ्यातील झडप एकदम उघडते. हवा हलकी, ती क्षणात आत धावते. पेट्रोल जड, ते मागे पडते. तेवढा क्षणभर सिलिंडरात हवाच फार आणि इंधन थोडे, अशी स्थिती होते, आणि इंजिन ठेच लागल्यासारखे अडखळते. ही उणीव भरून काढण्यासाठी कार्बुरेटरात पुढे एक लहानसा पंप बसविण्यात आला. पाय दाबताच तो पेट्रोलची बारीक चिळकांडी गळ्यात सोडतो. या पंपाचे चामडे वा रबर वाळले, म्हणजे चिळकांडी येईनाशी होते. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करावे, विडीकाडी दूर ठेवावी, हवेची गाळणी काढावी, हाताने दांडी ओढावी आणि गळ्यात डोकवावे. धार दिसली नाही तर दोष सापडला.

याच वाटेवर इतरही खोळंबे असतात. टाकीतील गंज गाळणीत साचतो. पंपाचा पडदा फाटतो. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजते. मग पेट्रोल बाहेर जाते पण त्याच्या जागी हवा येत नाही, आणि काही मैल बरी चाललेली गाडी हळूहळू इंधनाला मोताद होते. असा संशय आला तर झाकण सैल करून पाहावे. तेवढ्याने गाडी सुधारली तर कार्बुरेटर उघडण्याचे कारणच राहत नाही.

दुसरा उपाय ठिणगीचा. डाइम्लर यांच्या आरंभीच्या इंजिनांत बर्नरने लाल तापविलेली नळी मिश्रण पेटवीत असे. बेंझ यांचा भर पहिल्यापासून विजेवर होता. १९०२ मध्ये जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला, आणि ठिणगी भरवशाची झाली. नंतर अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांची व्यवस्था बसविली. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेवर सुरू होणारे इंजिन, विजेचे दिवे आणि ही ठिणगी एकत्र आली. पॉइंट उघडताच कॉइलमधील प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगाच्या फटीत ठिणगी उडते. पॉइंटांमधील फट साधारण अर्ध्या मिलिमीटरची. एवढ्याशा फटीवर अनेक दशके जगभरच्या मोटारी चालल्या.

ठिणगीचा दोष ओळखण्यात एक अडचण आहे. गाडी जागेवर उभी असता इंजिन गुळगुळीत चालते, आणि चढावर वा ओझ्याखाली हिसके देते. मालकाला वाटते की जागेवर नीट चालते त्या अर्थी ठिणगी ठीक असली पाहिजे. हा समज चुकीचा आहे. पाय थोडा असताना सिलिंडरात मिश्रण थोडे येते, दाबही थोडा होतो. दुबळी ठिणगीही तेथे फट ओलांडते. पाय पुरा दाबला की मिश्रण दाट भरते, दाब वाढतो आणि त्या दाट वायूतून उडी घेणे दुबळ्या ठिणगीला जमत नाही. मग वीज प्लगाची वाट सोडून एखाद्या तडकलेल्या तारेतून वा झाकणावरच्या चिरेतून पळ काढते. जुने मिस्त्री अशा वेळी गाडी अंधारात उभी करून इंजिन चालू करीत आणि तारांकडे पाहत. जेथे वीज गळत असेल तेथे निळसर काजवे चमकताना दिसतात.

याहूनही फसवा दोष एक आहे. इंजिनावरील भार पाहून ठिणगीची वेळ मागेपुढे व्हावी म्हणून पॉइंटांची पाटी थोडी फिरती ठेवलेली असते आणि एक पडदा तिला ओढतो. पाटीबरोबर तिच्यावरची बारीक तारही प्रत्येक वेळी वाकते. वर्षानुवर्षे वाकून ती आवरणाच्या आत तुटते. बाहेरून ती धड दिसते. पाटी स्थिर असता टोकाला टोक लागून वीजही वाहते. मात्र पाय दाबला, पाटी फिरली, की नेमका त्याच क्षणी प्रवाह तुटतो. मालकाची खात्री असते की पाय दाबल्यावर बिघडते त्या अर्थी दोष पेट्रोलचा. नवा कार्बुरेटर बसतो, पैसे जातात आणि हिसका राहतो. कार्बुरेटरचे म्हणून जे दुखणे सांगितले जाते ते पुष्कळदा ठिणगीचे निघते, हा मिस्त्रींचा जुना अनुभव आहे.

तिसरा उपाय जोर वाहून नेण्याचा. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फ्रान्समध्ये एमिल लव्हासोर यांनी इंजिन पुढे, मग क्लच, मग सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स, अशी मांडणी रूढ केली. आपली ही गिअरची रीत रांगडी आहे खरी पण चालते, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या नावावर सांगितले जातात. हा रांगडेपणा मऊ करण्यास पुढची पिढी लागली. चामडे लावलेल्या शंकूच्या क्लचऐवजी सपाट कोरडी प्लेट आली आणि तिच्या मध्यभागी लहान स्प्रिंगा बसल्या. इंजिनाचे घाव त्या आपल्यात जिरवितात. क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०३ मध्ये दोन सांध्यांच्या दंडाचे पेटंट घेतले, त्यामुळे साखळीऐवजी फिरत्या दंडातून मागच्या चाकांना जोर देणे व्यवहार्य झाले. १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत अर्ल थॉम्प्सन यांची सिंक्रोमेश योजना आली, आणि गिअर बदलताना होणारी दातांची करकर थांबली.

यांतील प्रत्येक भाग हिसक्याची स्वतःची बोली बोलतो. उभी गाडी सुटतानाच थरथरत असेल आणि वेग आल्यावर शांत होत असेल, तर क्लचप्लेटवर तेल आले आहे काय, तिच्या स्प्रिंगा सैल झाल्या आहेत काय, अथवा इंजिन ज्या रबरी बैठकींवर टेकलेले असते त्या फाटल्या आहेत काय, हे पाहावे. पाय दाबताना आणि सोडताना ‘ठक्’ असा एकेकच आवाज येत असेल, तर तो दंडाच्या सांध्यातील वा मागच्या गिअरांतील मोकळ्या जागेचा. आपल्याकडील मिस्त्री या सांध्याला ‘क्रॉस’ म्हणतात. त्याच्या वाट्यांतील वंगण आटले की सुईसारख्या बारीक रुळांचा भुगा होतो. या सांध्याचा आणखी एक गुण लक्षात ठेवावा लागतो. तो वाकलेल्या स्थितीत फिरला की पुढचा दंड एका फेरीत दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. दुसरा सांधा योग्य कोनात बसविला असेल तर तो ही चूक परत फेडतो. दुरुस्तीनंतर दंड एक दाता चुकवून जोडला, तर दोन्ही सांधे नवे असूनही गाडी थरथरत राहते.

आणि कधी कधी दोष यंत्रात नसून चालकाच्या पायात असतो. खडबडीत वाटेवर खालच्या गिअरात गाडी उसळते, तिच्याबरोबर चालकाचे अंग हलते, अंगाबरोबर पाय हलतो, आणि पायामुळे इंजिन पुन्हा हिसका देते. टाच पाटावर घट्ट टेकविली की हे चक्र तुटते.

पिकअप गाडीच्या वाट्याला ही सारी दुखणी अधिक का येतात, याचे उत्तर तिच्या जन्मात आहे. हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल टी मोटारी अमेरिकेतील शेतकऱ्यांनी घेतल्या आणि मागचा भाग कापून त्यांवर फळ्यांचे हौदे ठोकले. ते पाहून १९२५ मध्ये कारखान्यानेच हौद्यासह गाडी विकण्यास आरंभ केला. किंमत २८१ डॉलर. म्हणजे पिकअप ही मुळात प्रवासी मोटार, पण बैलगाडीच्या कामाला जुंपलेली. रिकामी असता तिचे मागचे चाक हलके आणि भरली असता मणामणांचे ओझे; पाटे दबले की दंडाचा कोनही बदलतो. प्रवासी मोटारीत जो दोष वर्षभर लपून राहील, तो पिकअपमध्ये पहिल्या चढावर बाहेर पडतो.

भारतात या गाड्या रुळल्या त्या स्वातंत्र्यानंतर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. महिंद्र कंपनीने विलिस जीप जुळविण्याचे काम हाती घेतले. आणि टाटांनी १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपुरास ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. बर्थाबाईंच्या पतीचे नाव अशा रीतीने छोटा नागपुराच्या पठारावर येऊन पोहोचले. १९८८ मध्ये टाटांचीच टाटामोबाइल २०६ ही पिकअप बाजारात आली. ती डिझेलवर चालणारी. डिझेलला ठिणगी नाही, कार्बुरेटर नाही. पण तिचा हिसका निराळ्या दाराने येतो. इंधनाच्या नळीत कोठे सूक्ष्म फट पडली की पंप डिझेलबरोबर हवा ओढतो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पंपाचा जोर त्या बुडबुड्यातच विरतो आणि फवारा चुकतो. ‘एअर घेतली’ असे मिस्त्री म्हणतात. हातपंप मारून हवा काढून टाकतात. परंतु ज्या फटीतून ती आली ती फट न शोधता नुसती हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग.

येथील गॅरेजांनी या विद्येला आपली भाषाही दिली. इंजिनाचा एखादा घाव चुकला तर गाडी ‘मिसिंग करते’, प्लगाला वीज पोहोचली नाही तर ‘करंट नाही’, आणि वेग चढत नसेल तर ‘पिकअप नाही’. गाडीला आणि तिच्या वेग घेण्याच्या शक्तीला एकच नाव मिळाले; त्यामुळे ‘पिकअपला पिकअप नाही’ ही तक्रार आपल्याकडे कोणालाही विचित्र वाटत नाही.

शहाणा मिस्त्री ही तक्रार ऐकल्यावर प्रथम पाना उचलत नाही, प्रश्न विचारतो. हिसका इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? रिकाम्या गाडीत की भरलेल्या? सुटताना, चढावर की सपाटीवर? मग तो स्वतः गाडी चालवून एक कसोटी घेतो. हिसका ज्या वेगाला येतो तो वेग ध्यानात ठेवून तीच वाट तो निरनिराळ्या गिअरांत पुन्हा चालतो. गिअर बदलला तरी हिसका रस्त्यावरच्या त्याच वेगाला येत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, दंडात वा चाकांत. गिअरबरोबर तो वेग बदलत असेल आणि इंजिनाचा सूर मात्र तोच राहत असेल, तर दोष इंजिनाकडे. एकाच गिअरात येत असेल तर गिअरबॉक्सात. दोष इंजिनाकडचा ठरला, तर आधी ठिणगी तपासावी आणि मग इंधन. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलल्यावर गाडी पुन्हा चालवून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर दुखणे गेले खरे, पण ते कोणते होते याचे ज्ञान मिळाले नाही.

या काळात यंत्राने आपले दुखणे आपण सांगावे अशीही व्यवस्था झाली आहे. १९६७ मध्ये बॉश यांची विजेच्या मेंदूवर चालणारी इंधनयोजना फोक्सवॅगन गाडीत आली. अमेरिकेत १९९६ च्या मोटारींपासून दोषांचे ठरावीक संकेतांक सांगणारे यंत्र सक्तीचे झाले. भारतात १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, आणि तशा गाड्यांतूनही संकेतांक वाचता येतात. ही मोठीच सोय आहे. तथापि संकेतांक दोष कोठे जाणवला ते सांगतो. तो तेथे का उत्पन्न झाला, हे सांगत नाही. घाव चुकला असे यंत्राने सांगितले, तरी तो प्लगामुळे, तारेमुळे की इंधनामुळे, हा विचार माणसालाच करावा लागतो. आणि ज्या जुन्या गाड्या आजही खेड्यापाड्यांतून भाजी, दूध आणि विटा वाहतात, त्यांच्यापाशी तर असा बोलका मेंदू नाहीच.

अशा गाडीचा मालक बहुधा श्रीमंत नसतो. दिल्लीच्या काश्मिरी गेटला वा कोलकात्याच्या मल्लिक बाजारात जुन्या गाडीचा लागेल तो भाग मिळू शकतो. परंतु कोणता भाग लागणार, हे ज्ञान दुकानात मिळत नाही. ते नसले की माणूस एकामागून एक भाग बदलीत जातो, आणि एक दिवस दुरुस्तीला कंटाळून चांगली गाडी भंगारात घालतो. तोट्यात जाते ती केवळ गाडी नव्हे, एका घराचे उत्पन्न जाते.

मानहाइमच्या वाटेवर बर्था बेंझ यांच्यापाशी सुटे भाग नव्हते, संकेतांक नव्हते, मिस्त्रीही नव्हता. नळी तुंबली आहे की तार उघडी पडली आहे, हे त्यांनी थांबून, पाहून ठरविले. त्यानंतर हाती आली ती टोपीची पिन.